उंटाच्या तोंडाचं हरीण

फोमच्या हरणाला पाळीव प्राणी म्हणता येतं का, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. पडायचं कारणच नव्हतं. मी आपला सरळ मार्गाने जाणारा माणूस. अबुधाबीच्या कारखान्यांच्या भागात, मुसफ्फात, एका फॅब्रिकेशन यार्डात क्यूसी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेलं वेल्डिंग टॉर्च मारून बघायचं, नाक मुरडायचं आणि वर 'रिजेक्ट' लिहायचं, हा माझा धंदा. कुमुदच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मते, हा माझा स्वभावही आहे. असो. तर अशा माणसाला बिल्डिंगच्या एजंटाने मेल पाठवावा की 'तुमच्या फ्लॅटमध्ये विनापरवाना जनावर आढळले आहे', आणि तो मेल सगळ्या भाडेकरूंना कॉपी करावा? ही काय रीत झाली?

पण सुरुवात राजाभाऊंपासून करायला हवी. आमच्यात नेहमी असंच होतं. करतात राजाभाऊ आणि निस्तरतो मी.

राजाभाऊ हे आमच्या हरीण-कँपचे संस्थापक, अध्यक्ष आणि एकमेव खरे तिरंदाज. अबुधाबीत थंडी पडली, म्हणजे एसी बंद करून पंख्यावर झोपण्याइतकी पडली, की राजाभाऊ, मी आणि सुजीत असे तिघं वाळवंटात जातो आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. घाबरू नका, हरीण फोमचं असतं. खऱ्या हरणाला इथे हात लावणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. शिवाय राजाभाऊंना कोळंबी सोलतानासुद्धा वाईट वाटतं. पण बाकी शिकार खरीखुरी. वाऱ्याची दिशा बघायची, टेकाडाआडून पोटावर सरकत जायचं, श्वास रोखायचा, आणि एकच बाण. धनुष्य साधं, लाकडी. चाकं आणि दुर्बीण लावलेलं आधुनिक धनुष्य कुणी दाखवलं तर राजाभाऊ "छान आहे हो सायकल" एवढंच म्हणतात. तिरंदाजीच्या क्लबात त्यामुळे त्यांचे फारसे मित्र नाहीत. आम्ही दोघंच.

तर हे राजाभाऊ यंदा रिटायर झाले. व्हिसा कॅन्सल, सामान कार्गोत, मृणालिनीवहिनी आधीच पुण्यात जाऊन गॅसचं कनेक्शन घेऊन बसलेल्या. मंगळवारचं विमान. त्याआधीच्या शनिवार-रविवारी शेवटचा कँप. आणि नेमकं आमचं जुनं हरीण मेलं. म्हणजे सुजीतने मारलं. सुजीतचा केटरिंगचा धंदा आहे. हरीण त्याच्या गोडाऊनमध्ये असायचं. या उन्हाळ्यात बासमतीची पोती आली म्हणून या गृहस्थाने ते गच्चीवर ठेवलं. ऑगस्टातल्या गच्चीवर! सप्टेंबरात बघितलं तर मागचे पाय विरघळून ते कुत्र्यासारखं खाली बसलं होतं.

राजाभाऊंच्या निरोपाच्या जेवणात हा विषय निघाला. राजाभाऊ हसून म्हणाले, "जाऊ दे रे, हरणाशिवाय जाऊ. चहा पिऊ, येऊ." ते ज्या पद्धतीने हसले ते मला बघवेना. मी उभा राहिलो आणि हातात गुलाबजामची वाटी असताना जाहीर केलं, "राजाभाऊ, हरीण माझ्याकडे लागलं!" टाळ्या पडल्या. टेबलाखालून कुमुदने माझ्या नडगीवर लाथ मारली. बायकोच्या लाथेत सूचना असते, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वेळेवर कळत नाही.

ऑनलाइन अमेरिकन हरीण बघितलं. साडेतीन हजार दिरहम. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर! आणि डिलिव्हरी सहा आठवड्यांनी. "एवढ्यात तर जिवंत म्हैस येते," कुमुद म्हणाली. सुजीत म्हणाला, "अरे, मुसफ्फात बसून अमेरिकेचं हरीण मागवतोस? इथे काय बनत नाही? माझ्या ओळखीचा कमरुद्दीन आहे, फोम आणि फायबरचं काहीही बनवतो."

या कमरुद्दीनबद्दल माझा आधी असा समज होता की कोपऱ्यात बसून काम करणारा कुणी साधा कारागीर असेल. छे! बाहेर पांढरी लँड क्रूझर, आत एसी ऑफिस, आणि व्हिजिटिंग कार्डावर 'सीईओ अँड आर्टिस्ट'. त्याने मला कॉफी पाजली, हॉटेलांच्या लॉबीत लावलेल्या आपल्या कामांचे फोटो दाखवले आणि शेवटी विचारलं, "साहब, ड्रॉइंग है?"

आता हे विचारून त्याने माझ्या वर्मावरच बोट ठेवलं. क्यूसीच्या माणसाला ड्रॉइंग आहे का विचारायचं? मी दोन संध्याकाळी खपून हरणाचं ड्रॉइंग केलं. फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू, टॉप व्ह्यू. पायांची जाडी, पोटाचा घेर, शेपटीचा कोन, सगळं टॉलरन्ससकट, म्हणजे किती फरक चालेल त्यासकट. हृदयाच्या जागी वर्तुळ, त्याचा व्यास. कुमुद म्हणाली, "आपल्या घराचं इंटिरियर करताना एवढं केलं असतंत तर ओट्याचं कपाट उघडलं असतं." मी दुर्लक्ष केलं. फक्त एक अडचण होती. मला चेहरे काढता येत नाहीत. लहानपणापासून नाही. मी काढलेली माणसं, देव, मांजरी सगळी एकाच घरातली वाटतात. म्हणून तोंडाच्या जागी मी, जसं आम्ही ऑफिसात नट-बोल्टच्या बाबतीत लिहितो, तसं लिहिलं: 'फेस: ॲज पर स्टँडर्ड.' खाली सही केली, तारीख टाकली आणि 'अप्रूव्हड फॉर कन्स्ट्रक्शन' असा शिक्का उठवला. शिक्का ऑफिसचा होता, ते जाऊ द्या.

कँपच्या आदल्या सोमवारी कमरुद्दीनचा फोन आला. "साहब, एकदम फर्स्ट क्लास बना है. देखोगे तो रो दोगे."

मी गेलो. कापड बाजूला झालं. आणि खरोखर रडायची पाळी आली.

पाय हरणाचे. पोट हरणाचं. शेपटी तर इतकी बिनचूक की मी माप लावून बघितलं. पण मान जिथे संपते तिथून पुढे उंट. जड पापण्या, लोंबता खालचा ओठ, फुगलेल्या नाकपुड्या, आणि चेहऱ्यावर तो भाव, तोच, जो उंटाच्या चेहऱ्यावर असतो: 'तुम्ही कोण, आणि मी तुम्हाला का किंमत देऊ?' वरून शिंगं लावलेली.

"हे काय आहे?" मी मराठीतच ओरडलो. मग सावरून हिंदीत आलो. "कमरुद्दीनभाई, ये ऊंट का मुंह है!"

"हां तो?" कमरुद्दीन शांतपणे म्हणाला. त्याने माझं ड्रॉइंग काढलं, टेबलावर पसरलं आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "फेस, ॲज पर स्टँडर्ड." मग त्याने मागचा पडदा सरकवला. मागे भिंतीला लागून उंटच उंट उभे होते. मॉलसाठी, हॉटेलांसाठी, नॅशनल डेच्या सजावटीसाठी. सगळ्यांची तोंडं एका साच्यातली. "हमारे यहां का स्टँडर्ड यही है, साहब. अठरा साल से."

मी ड्रॉइंग पुन्हा एकदा वाचलं. तो बरोबर होता. हा माझा सगळ्यात मोठा अपमान. यार्डात असं काही झालं असतं तर मीच कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने सही केली असती. ड्रॉइंगप्रमाणे माल आहे, ड्रॉइंग माझं आहे, शिक्का माझा आहे. रिजेक्ट करायला कलम नाही! माझ्या करिअरमध्ये मी पहिल्यांदा डोळ्यांना दिसणारा उंट हरीण म्हणून पास केला.

"दूसरा मुंह लगा दो," मी म्हणालो.

"लगाएंगे ना. क्यों नहीं. अगले महीने, इन्शाल्ला."

घरी आणलं. लिफ्टमध्ये ते उभं मावेना, आडवं मावेना, म्हणून शिंगं माझ्या गळ्याशी आणि मागचे पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी चौथ्या मजल्यावर पोचलो. पर्णिकाने, माझ्या मुलीने, दार उघडलं, बघितलं, आणि आत गेली. आतून आवाज आला, "मॉम, बाबा हॅज बॉट अ कॅमल."

"हरीण आहे ते!"

"दॅट इज नॉट अ डिअर, बाबा. लुक ॲट इट. इट्स जजिंग अस."

बाल्कनीत ठेवलं. मागच्या पायांचा तोल बरोबर नव्हता, त्यामुळे वारा आला की ते आडवं व्हायचं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या शहनाझभाभी, हैदराबादच्या, फार प्रेमळ बाई, कपडे वाळत घालताना त्यांनी खाली बघितलं. आणि थेट आमची बेल वाजवली. डोळ्यांत पाणी. "भाईसाब, बेजुबान है बेचारा. कल से पड़ा है, पानी तक नहीं पिलाया किसी ने. अल्लाह से डरो." मी त्यांना बाल्कनीत नेऊन हरणावर टकटक करून दाखवलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "मारो तो मत." त्यांनी एजंटला फोन आधीच केला होता.

मग तो मेल. मी उत्तर दिलं: सदर वस्तू फोमची आहे. एजंटचं उत्तर: ठीक, लसीकरणाचं कार्ड जोडा. मी: वस्तू फोमची आहे, सजीव नाही. एजंट: तसं सक्षम अधिकाऱ्याचं पत्र जोडा. आता सांगा, जगात कुठल्या सरकारने, कुठल्या खात्यात, एखादी गोष्ट जिवंत नाही असं लिहून देणारा अधिकारी नेमलाय?

अशा वेळी माणसाने मुरलीधरकडे जाऊ नये. मी गेलो. मुरलीधर समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, नागपूरचा, एका ऑइल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. त्याला साधं "पाऊस पडेल का" विचारलं तरी तो आधी रिस्क असेसमेंट करतो. त्याने हरणाभोवती दोन चकरा मारल्या.

"आत्मारामराव, तुम्ही चूक केलीत. प्राणी नाही असं सिद्ध करत बसू नका. फर्निचर म्हणून डिक्लेअर करा."

मी केलं. एजंटचं उत्तर आलं: बाल्कनीत फर्निचर ठेवण्यास अग्निसुरक्षेच्या कारणास्तव मनाई आहे.

"बरोबरच आहे त्याचं," मुरलीधर म्हणाला. "फोम म्हणजे फायर लोड, आगीला आयतं खाद्य. मी तर म्हणतो, त्याच्या शेजारी एक एक्स्टिंग्विशर ठेवा."

म्हणून हरीण हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला आलं. पाहुणे येत, बघत, आणि "वा, उंट छान आहे" म्हणत. मी आधी दुरुस्ती करायचो. मग सोडून दिलं. कुमुदने त्याच्या शिंगांवर ओढणी वाळत घातली, तेव्हाही मी काही बोललो नाही. मला फक्त शनिवार गाठायचा होता.

शनिवारी सकाळी सुजीतची पिकअप आली. हरीण मागे बांधलं, वर कुमुदची जुनी चादर, चादरीतून चार पाय बाहेर. मुरलीधर खाली येऊन उभा. "पाय प्रोजेक्ट होतायत. लाल झेंडा लावा." त्याने स्वतः घरून लाल कापड आणलं आणि हरणाच्या शेपटीला बांधलं. एवढं करून तो म्हणाला, "लोड सिक्युअर नाही, पण तुमची मर्जी." मी त्याला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राजाभाऊ त्यांच्या बिल्डिंगखाली उभे होते, धनुष्याची लांब पिशवी खांद्याला, डोक्यावर दरवर्षीची तीच वेताची हॅट. त्यांनी चादर उचलली. बराच वेळ बघत राहिले.

"आत्मा," ते म्हणाले, "हे हरीण विचार करतंय रे."

"कसला?"

"आपल्याबद्दल. फार चांगला नसावा." आणि ते गाडीत बसले. एवढंच. मी इतक्या लोकांची बोलणी खाल्ली, पण राजाभाऊंचं हे वाक्य मला लागलं. माणसाने एक तर छान आहे म्हणावं, नाहीतर सरळ वाईट म्हणावं.

अल ऐनच्या रस्त्याला पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. चादरीखालून पाय आणि शेपटीला लाल कापड, लांबून बघणाऱ्याला काय वाटणार? तरुण ऑफिसर, अत्यंत सभ्य. राजाभाऊंनी फाइल काढली: क्लबचं पत्र, धनुष्यांचे कागद, ज्यांच्या खाजगी जागेवर कँप होता त्या सुजीतच्या अरबाबचं, म्हणजे त्याच्या धंद्यातल्या स्थानिक भागीदाराचं, पत्र. सगळं चोख. मग ऑफिसरने चादरीकडे बोट केलं.

"अँड धिस?"

"डिअर, सर," मी पुढे होऊन म्हणालो. "फोम डिअर. फॉर टार्गेट."

त्याने चादर वर केली, तोंड बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा तोंड बघितलं. "नो, हबीबी," तो मृदू आवाजात, लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला. "धिस इज कॅमल."

मी ड्रॉइंग काढणार होतो, सुजीतने हात धरला. ऑफिसरने आपल्या गाडीतून जाड दोर आणला, स्वतः आमचा माल नीट बांधून दिला, आणि जाताना उंटाच्या गालावर थोपटलं. माझ्या हरणाच्या, म्हणजे. आता पोलिसांनीच म्हटल्यावर दाद कुणाकडे मागायची?

अरबाबच्या अज़्बावर, म्हणजे त्यांच्या उंटांच्या गोठ्याशेजारी, टेकाडांच्या पलीकडे आमची नेहमीची जागा. चटई टाकली, स्टोव्ह लावला, आणि मला जरा बरं वाटलं. इथे कुणी मला मेल करू शकत नव्हतं. कँपचा एक कायदा राजाभाऊंनी पहिल्या वर्षीच केला होता: कँपात नोकरी, व्हिसा, बॉस, शाळेची फी, फ्लॅटचा हप्ता यांचं नाव काढायचं नाही. जो काढेल तो भांडी घासेल. सुजीतने एका वर्षी सगळी भांडी घासली, कारण त्याला दोन मिनिटांवर इन्व्हॉइसचा विषय टाळता येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही जुन्याच गोष्टी काढल्या. पहिल्याच वर्षी सुजीतने हरणावर सोडलेला बाण पाण्याच्या ड्रममध्ये गेला, आणि ड्रम हरणाच्या बरोबर उलट दिशेला होता. एकदा वाळूचं वादळ आलं आणि तंबू उडाला. तो आम्ही पकडून बसलो, म्हणजे तंबूवर बसलो, तिघं तीन कोपऱ्यांवर, आणि चौथ्या कोपऱ्यावर पुरणपोळ्यांचा डबा. वादळ गेल्यावर बघितलं तर डबा जागच्या जागी आणि राजाभाऊ वाळूत अर्धे पुरलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "डबा आहे ना?" एका वर्षी मला ताप होता, तर राजाभाऊ माझ्या वाटची शिकार करून आले आणि बाण माझ्या नावावर धरला. तो एवढा एकच बाण माझ्या नावावर आहे. हे सुजीतला माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं. हसता हसता त्याने चहा सांडला.

मंगळवारबद्दल कुणी बोललं नाही. कायदाच होता ना. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी कायदा मोडावा, मी आनंदाने भांडी घासली असती, सगळ्या मुसफ्फाची घासली असती. पण राजाभाऊ शेकोटीत काटकी सरकवत बसले होते आणि वाऱ्याची दिशा सांगत होते. माझा त्यांच्यावर राग धुमसत होता. मंगळवारी कायमचा जाणारा माणूस वाऱ्याची दिशा सांगतो?

रविवारी शिकार. मी सकाळी बाण मारला, चुकला. सुजीतने मारला, तोही चुकला. दोन्ही बाण शोधून आणले. कारण अरबाबची एकच अट आहे आणि ती फार न्याय्य आहे: एकही बाण वाळूत राहता कामा नये. उंटांच्या पायात जातो. बाण सापडल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही, हा कँपाचा नियम. राजाभाऊ नेहमी शेवटी, ऊन उतरल्यावर मारतात. त्यांचा बाण आजवर कधी शोधावा लागला नाही, तो हरणातच असतो. ते पोटावर सरकत टेकाडावर पोचले, धनुष्य उचललं.

आणि समोर उंटीण आली.

कुंपणाचं फाटक उघडं राहिलं असणार. ती ऐटीत चालत आली आणि माझ्या हरणाशेजारी उभी राहिली. तिने त्याचं तोंड हुंगलं. मग गालाला गाल लावला. मग जिभेने त्याचा कान चाटायला लागली. सुजीत हसून हसून वाळूत लोळला. मी मात्र संतापलो. कमरुद्दीन, पर्णिका, शहनाझभाभी, एजंट, पोलीस आणि आता ही! सगळ्या जगाने संगनमत करून ठरवलं होतं की तो उंट आहे, आणि आता उंटांनीसुद्धा ठराव मंजूर केला. मी उठून हात हलवले, "हट! यल्ला!" म्हणून ओरडलो. तिने माझ्याकडे बघितलं. अगदी तोच भाव. तिने हरणाचा अर्धा कान तोडून खाल्ला आणि मग राखणदाराने हाक मारली तेव्हाच, स्वतःच्या मर्जीने, गेली.

"आता मारा, राजाभाऊ," मी चिडून म्हणालो, "उरलंय त्याला."

राजाभाऊंनी धनुष्य ओढलं. दोरी गालाशी आली. मी शेजारीच पोटावर पडलो होतो, म्हणून मला दिसलं: त्यांनी श्वास रोखलाच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाण सुटला, हरणाच्या पाठीवरून गेला आणि पलीकडच्या उतारावर कुठेतरी वाळूत शिरला.

"त्याच्या तोंडाकडे बघून हसू आलं रे," राजाभाऊ म्हणाले. खोटं बोलत होते. हसलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात.

बाण शोधायला लागलो. तिघं तीन दिशांना, खाली माना घालून. उतारावर मऊ वाळू होती, पाय घोट्यापर्यंत जात होते. मी तोंडाने पुटपुटत होतो: हरणाला, कमरुद्दीनला, त्या उंटिणीला, ॲज पर स्टँडर्डला. आणि माझ्या चपलेखाली काहीतरी कडक लागलं. बारीक, लाकडाचं. बाजूला वाळूतून पिसांचा कडेचा तुकडा वर आला होता, राजाभाऊंच्याच बाणाची पिसं, करडी.

ओरडायला तोंड उघडलं. "सापडला" म्हणायचं, एवढंच काम. मग स्टोव्ह विझवायचा, चटई झटकायची, हरीण बांधायचं, अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं आणि राजाभाऊंना त्यांच्या रिकाम्या फ्लॅटखाली सोडायचं.

"इकडे नाही," मी म्हणालो आणि पाय तिथेच दाबून धरला. वेल्डमधल्या केसाएवढ्या भेगेचा माग काढणारा माणूस मी, आणि धडधडीत खोटा रिपोर्ट दिला.

सुजीत आला. त्याने पिसं बघितली, माझी चप्पल बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "इकडे नाही म्हणतोस?"

"नाही म्हणतो ना!"

"मग मी त्या पलीकडच्या टेकाडामागे बघतो," तो म्हणाला, आणि बाण तर सोडाच, तोफेचा गोळासुद्धा जिथे पोचला नसता तिकडे हळूहळू चालत गेला.

मग राजाभाऊ आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, खाली बघितलं.

"आत्मा, पाय उचल."

"नाही उचलणार!" मी ओरडलो. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "का उचलू? उचलला की खलास! तुम्ही मंगळवारी विमानात बसणार, खुशाल पुण्यात जाणार, वहिनींच्या हातचं खाणार, सकाळी पर्वतीला फिरायला जाणार. आणि मी काय करू? भांडू कुणाशी? सुजीतशी? त्याला धड भांडता तरी येतं का? मला इथे शिव्या द्यायला दुसरं आहे कोण, राजाभाऊ? दोन दिवस झाले, वाऱ्याची दिशा सांगताय मला! नाही उचलत. काय करायचं ते करा. अरबाबला सांगा, एजंटला मेल करा!"

कायदा मी मोडला होता, भांडी माझ्या गळ्यात होती. राजाभाऊंनी हॅट काढून बाजूला ठेवली. मग पलीकडच्या टेकाडाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "सुजीत! सापडला का रे?"

"नाही!" लांबून आवाज आला.

"नीट बघ! घाई नाही!"

आणि ते माझ्या पायापासून वीतभर अंतरावर गुडघे टेकून बसले, आणि दोन्ही हातांनी दुसऱ्या बाजूची वाळू चाळायला लागले.